वजनकाट्याशेजारी एक फीत ठेवा

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबई परिसरात बाळांना लस देणारे बालरोगतज्ज्ञ, कुटुंबवैद्य, लसीकरण केंद्रांवरील परिचारिका आणि आशा स्वयंसेविका यांस,

विषय : प्रत्येक लसीच्या वेळी बाळाच्या डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहिण्याबाबत.

स. न. वि. वि.

आमच्या मुलीला हायड्रोसेफॅलस आहे. मेंदूतील द्रवाचा निचरा तिच्या शरीराला आपणहून नीट करता येत नाही, म्हणून तो द्रव पोटात नेऊन सोडणारी एक बारीक नळी, म्हणजे शंट, तिच्या कानामागून त्वचेखाली बसवलेली आहे. तिचे उपचार व्यवस्थित चालू आहेत आणि तिच्याकरिता मला काही मागायचे नाही. माझी विनंती ज्या घरांत नुकताच पाळणा हलला आहे किंवा हलायचा आहे त्यांच्याकरिता आहे आणि ती अगदी साधी आहे. बाळ लसीला आले की वजनाबरोबर त्याच्या डोक्याचा घेरही फितीने मोजावा, तो कार्डावर तारखेसह लिहावा आणि लिहिताना मागच्या वेळचा आकडा काय होता ते पाहावे. यातले शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तेच बहुतेक वेळा राहून जाते.

लसीच्याच वेळी का, तर त्या दिवशी बाळ हमखास तुमच्यासमोर असते. एरवी धडधाकट दिसणाऱ्या बाळाला कोणी दवाखान्यात नेत नाही, पण लस चुकू नये याची काळजी आता चाळींपासून घोडबंदर रोडवरच्या मनोऱ्यांपर्यंत सगळीकडे घेतली जाते. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार बाळाला जन्माच्या वेळी, मग ६, १० आणि १४ आठवड्यांनी आणि त्यानंतर थेट नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस दिली जाते. डोके सर्वांत झपाट्याने वाढते तेही याच सुरुवातीच्या काळात. पहिल्या तीन महिन्यांत घेर महिन्याला साधारण २ सेंटिमीटरने वाढतो, पुढचे तीन महिने साधारण १ सेंटिमीटरने आणि नंतर वर्षाचे होईपर्यंत महिन्याला जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरने. जन्मजात हायड्रोसेफॅलस असलेली पुष्कळ बाळे याच आठवड्यांत ओळखू येण्यासारखी होतात. १४ आठवड्यांची भेट नुसती टोचून संपली की सरकारी वेळापत्रकात नवव्या महिन्यापर्यंत पुढची भेट नाही, आणि मधल्या पाच-सहा महिन्यांत मेंदूवर जो दाब पडतो त्याचे नुकसान नंतर कोणत्याही शस्त्रक्रियेने पूर्ण भरून काढता येत नाही.

आपणांस हे शास्त्र माहीत आहे, पण हे पत्र पालकही वाचतील म्हणून थोडक्यात लिहितो. मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. मोठ्या माणसात तो दिवसाला सुमारे अर्धा लिटर तयार होतो, परंतु एका वेळी मेंदू आणि मणक्याच्या भोवती मिळून साधारण १५० मिलिलिटरच असतो, कारण जितका तयार होतो तितकाच रक्तात शोषला जातो. ही वाट कुठे तुंबली की पोकळ्या फुगू लागतात. तिसऱ्या आणि चौथ्या पोकळीमधला अरुंद मार्ग जन्मतः बारीक असणे, पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष, कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूत झालेला रक्तस्राव, मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग), क्वचित गाठ, अशी त्याची कारणे आहेत. मोठ्या माणसाची कवटी बंद असल्यामुळे दाब वाढताच डोके दुखते, उलट्या होतात, शुद्ध हरपते आणि त्याला धावपळ करून नेले जाते. बाळाची कवटी मात्र सांध्यांवर सैल असते, त्यामुळे ती दाबापुढे नमते आणि वाढत जाते. बाळ हसते, दूध पिते, वजन घेते. सुरुवातीला बाहेरून समजण्याजोगी खूण बहुधा एकच असते आणि ती डोळ्यांनी नीट कळत नाही, कारण रोज पाहणाऱ्याला रोजची वाढ दिसत नसते. ती कळते फितीला.

आमची मुलगी पूर्ण दिवसांची. गरोदरपणातील पाचव्या महिन्याची सोनोग्राफी निर्दोष होती. मेंदूतील वाट अरुंद असल्याचे परिणाम काही वेळा त्यानंतरच दिसू लागतात, हे आम्हांला पुढे कळले. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर ३४.५ सेंटिमीटर होता. हा आकडा प्रसूतिगृहाच्या कागदावर आहे. त्यानंतरच्या प्रत्येक लसीला तिचे वजन झाले, काट्यावर ठेवताना ती रडली, वजन छान वाढते आहे म्हणून आम्हांला शाबासकी मिळाली, आणि डोक्याच्या रकान्यात कोणीही काही लिहिले नाही. ठाण्यातल्या ज्या खासगी दवाखान्यात तिला १४ आठवड्यांची लस दिली गेली, तिथून मिळालेली फाइल चांगली गुळगुळीत कागदाची आहे. तिच्या पुठ्ठ्यावर हत्ती आणि फुगे आहेत, शेवटच्या पानांवर वजन, लांबी आणि डोके असे तीन आलेख छापलेले आहेत. पहिल्यावर निळ्या शाईचे ठिपके आहेत, दुसऱ्यावर एकच ठिपका आहे आणि तिसरा आलेख छापखान्यातून आला तसाच आहे.

घरात खुणा दिसत नव्हत्या असे नाही. त्यांचे अर्थ वेगळे लावले जात होते. बारशाला शिवलेली कुंची महिन्याभरात कपाळावर रुतू लागली, तेव्हा मुलगी अंगाने भरली असे सगळ्यांनी म्हटले. डोके आजोबांवर गेले आहे, मोठे कपाळ भाग्याचे असते, हेही झाले. ती खाली नजर लावून बसे तेव्हा आपल्या हातांकडे पाहते असे वाटे, कारण त्या वयाची बाळे हात पाहतातच. बुबुळांच्या वर पांढरा भाग दिसतो ही दाबाची खूण आहे हे घरात कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. शेवटी शंका काढली ती मालीश करणाऱ्या मावशींनी. आपल्याकडे टाळू भरायची पद्धत आहे. कोमट तेल टाळूच्या खोलगट जागेत घालतात आणि ते तिथे जिरते. मावशी माझ्या पत्नीला म्हणाल्या, "ताई, हिच्या टाळूवर तेल थांबतच नाही, घातलं की ओघळून कानावर येतं. मी इतकी बाळं न्हाऊ घातली, अशी टाळू बघितली नाही." टाळू ताणून वर आली होती, इतकेच त्याचे कारण. त्यानंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी खिशातली फीत काढली. घेर ४५ सेंटिमीटर भरला. तिला तेव्हा नुकताच पाचवा महिना लागला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार चार महिन्यांच्या मुलीचा मधला आकडा ४०.६ आहे आणि ४४.९ हा एक वर्षाच्या मुलीचा आहे.

मी वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. यंत्रावरून उतरणाऱ्या सुट्या भागांपैकी ठरावीक भाग आम्ही दर तासाला मोजतो आणि तक्त्यावर ठिपका देतो. एखादा भाग मर्यादेत आहे एवढ्यावर आमचे समाधान होत नाही. सलग पाच-सहा ठिपके एकाच दिशेने चढत असतील तर सगळे भाग मर्यादेत असतानाच यंत्र थांबवले जाते, कारण हत्यार झिजू लागल्याचे ते लक्षण असते. डोक्याच्या घेराचेही असेच आहे. एकटा आकडा फारसे बोलत नाही. ४१ सेंटिमीटर हा घेर एका बाळाला शोभणारा असेल आणि दुसऱ्या बाळाच्या बाबतीत धोक्याचा असेल. तो वाढीच्या आलेखावरच्या कोणत्या रेषेवरून कोणत्या रेषेवर चढला हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून बाळ मोठ्या डोक्याचे दिसले तरच मोजू, ही पद्धत उपयोगाची नाही. डोळ्यांना दिसेपर्यंत बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते.

यात आपल्याकडची एक खास अडचण आहे आणि तिच्यावर फारसे कोणी बोलत नाही. पहिले बाळंतपण माहेरी होते. आमचेही चिपळूणजवळच्या गावी झाले. जन्माचा कागद एका गावचा, सहा आणि दहा आठवड्यांच्या लसी दुसरीकडच्या आणि तीन महिन्यांनी आई बाळाला घेऊन ठाण्याला, ऐरोलीला किंवा घणसोलीला आली की पुढची लस तिसऱ्याच ठिकाणची. प्रत्येक ठिकाणी बाळ नवे असते. बाळाला पहिल्यांदाच पाहणाऱ्या डॉक्टरांनी डोके वाढले आहे हे ओळखायचे तरी कशावरून? आपण रोज अशी माहेराहून आलेली बाळे पाहत असाल. त्यांची गोष्ट एका हातातून दुसऱ्या हातात नेणारी वस्तू म्हणजे ते कार्ड, आणि त्यावर आकडा नसेल तर चिपळूणचे बाळ ठाण्याला कोरेच पोचते.

मोजण्याची रीत मी आमच्या मुलीच्या डॉक्टरांकडून शिकलो आणि ती इथे देतो, कारण घाईत मोजलेला आकडा न मोजलेल्यापेक्षा वाईट ठरू शकतो. फीत न ताणणारी हवी. शिंप्याची जुनी कापडी फीत वापरून वापरून सैल पडलेली असते, ती चालत नाही. समोरून ती भुवयांच्या किंचित वरून, बाजूंनी कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा जो भाग सर्वांत बाहेर आलेला असतो त्याच्यावरून न्यावी. टोपडे आणि केसांतले काहीही असेल ते काढावे, जावळ दाट असेल तर फीत जरा घट्ट धरावी. दोन-तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा मिलिमीटरपर्यंत लिहावा, "३९ च्या आसपास" असे लिहू नये. टाळूला हात लावायचा तर बाळ शांत असताना आणि उभे धरून लावावा, कारण रडताना आणि आडवे असताना टाळू कोणाचीही वर येते. सुई टोचल्यानंतर हे सगळे करणे अशक्य असते, म्हणून क्रम आधी फीत, मग सुई असा असावा.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला असा, की सगळ्यांची डोकी मोजली तर उगाच घाबरणारे पालक वाढतील. हे काही प्रमाणात खरे आहे. मोठे डोके म्हणजे हायड्रोसेफॅलस असे समीकरण नाही. कित्येक घरांत ते वंशपरंपरेने येते, आणि त्यासाठी आई-वडिलांचीही डोकी मोजून पाहिली तर निम्मी शंका तिथेच फिटते. उरलेल्या शंकेला उत्तर देणारी तपासणी सोपी आहे. टाळू उघडी असेपर्यंत तिच्यातून मेंदूची सोनोग्राफी करता येते. त्यात किरणोत्सर्ग नाही, भूल नाही, बाळाला आईच्या मांडीवरही ठेवता येते, आणि तिच्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. बहुतेक बाळांची पुढची टाळू ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान भरते. त्यानंतर हाच प्रश्न सोडवायला सीटी किंवा एमआरआय आणि बहुधा भूल लागते. उशिरा शंका घेणे असे सर्वच बाजूंनी महाग पडते. "थोडे दिवस वाट पाहू" हा सल्ला द्यायचाच असेल तर तो दोन आठवड्यांनी पुन्हा मोजायची तारीख लिहून द्यावा. तारखेविना दिलेला हा सल्ला पालकांना "काही नाही" असाच ऐकू येतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. लसीच्या दिवशी केंद्राबाहेर रांग असते, एका परिचारिकेच्या हातात नोंदवही, शीतपेटी आणि रडणारे बाळ असे सगळे एकाच वेळी असते, हे मी पाहिले आहे. घेर मोजायला मिनिटसुद्धा लागत नाही, पण अशी मिनिटे साठत जातात हेही मला कळते. आशाताईंच्या बाबतीत तर संकोचच वाटतो. त्यांच्याकडे आधीच इतके रकाने आहेत आणि त्यांचा मोबदला इतका तुटपुंजा आणि उशिरा मिळणारा आहे की आणखी एक रकाना सुचवणाऱ्याने आधी त्यांची माफी मागावी. तरीही सुचवतो, कारण जन्मानंतरच्या ४२ दिवसांत बाळाच्या घरी जाऊन त्याचे वजन करणारी दुसरी कोणतीही व्यक्ती या व्यवस्थेत नाही. मोबदल्याचा प्रश्न ज्यांनी सोडवायचा ते हे पत्र वाचत असतील तर त्यांनी तो याच्याशी जोडून सोडवावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो पालघरहून, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. जन्मतः असलेले दोष, आजार, कमतरता आणि वाढीतील विलंब लवकर हुडकावेत यासाठीच तो आहे, त्याच्या फिरत्या पथकांच्या साहित्यात डोक्याचा घेर मोजण्याची फीतही धरलेली आहे, आणि सापडलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची तरतूद आहे. परंतु ही पथके लहान मुलांना गाठतात ती अंगणवाडीत. जे बाळ खासगी दवाखान्यात लस घेते आणि ज्याच्या इमारतीच्या फाटकावर पहारेकरी आशाताईंनाही अडवतो, ते बाळ या जाळ्यात येतच नाही. ठाणे आणि नवी मुंबईतील पुष्कळ मध्यमवर्गीय बाळे अशी आहेत. खासगी डॉक्टरांना हे पत्र मुद्दाम आधी लिहिण्याचे कारण हेच.

शंट बसल्यानंतरच्या दोन गोष्टीही याच दवाखान्यांशी संबंधित आहेत, म्हणून लिहितो. शंट असलेल्या बाळाला नेहमीच्या लसी द्यायला शंटमुळे अडचण नसते. तरीही एका ठिकाणी आमच्या मुलीच्या डोक्यावरचा व्रण पाहून, "मेंदूचं ऑपरेशन झालंय, आम्ही जबाबदारी घेणार नाही," असे सांगून आम्हांला परत पाठवले गेले. ज्या बाळाला मेनिंजायटिस होणे सर्वांत घातक, त्यालाच लसीवाचून परत पाठवणे हे उलटेच झाले. मनात शंका असल्यास शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना तिथल्या तिथे फोन करावा. बहुतेक पालकांच्या मोबाइलमध्ये तो क्रमांक पहिल्या पाचांत असतो.

दुसरी गोष्ट तापाची आणि उलटीची. लस दिली की ताप येतो, दात येताना बाळ चिडचिडे होते, पावसाळ्यात पोट बिघडते. ही उत्तरे नव्वद घरांत बरोबर असतात. शंट असलेल्या बाळाच्या घरात मात्र ती सर्वांत शेवटी द्यायची असतात. लहान मुलांमधील शंटपैकी जवळपास निम्मे पहिल्या दोन वर्षांत कधीतरी बंद पडतात किंवा बिघडतात, आणि जंतुसंसर्ग झालाच तर तो बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत होतो. वारंवार उलटी, न उठणारी गुंगी, पुन्हा ताणलेली टाळू, खाली खेचलेली नजर, नळीच्या मार्गावर लाली किंवा सूज, झटका, यांपैकी काहीही दिसले तर बाळाला उलटीचे औषध देऊन घरी पाठवू नये. आम्ही बाळाच्या पिशवीत एक कागद ठेवला आहे. त्यावर शस्त्रक्रियेची तारीख, झडपेचा (नळीतून किती द्रव जाऊ द्यायचा ते ठरवणाऱ्या भागाचा) प्रकार आणि दाब, ती कोणत्या बाजूला आहे, आणि तब्येत चांगली असताना काढलेल्या स्कॅनची प्रत कुठे आहे, एवढे लिहिलेले आहे. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरांसमोर उभे असताना हा कागद आमच्यापेक्षा जास्त स्पष्ट बोलतो. तो कृपया वाचावा. असा कागद इतर पालकांना करून देणे हेही बाळाच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आपले काम समजावे, कारण मोठ्या रुग्णालयातून घरी सोडताना मिळणाऱ्या कागदांच्या जाडजूड गठ्ठ्यात नेमके हेच शोधावे लागते.

शंटविषयी आणखी एक सांगावेसे वाटते. नळी आणि झडप यांची किंमत ऐकताना पालकांच्या मनात लगेच स्वस्त आणि महाग असा हिशेब सुरू होतो, आणि कर्ज काढून महागाची झडप आणली नाही तर आपण लेकरावर अन्याय करू असे त्यांना वाटते. उत्तर प्रदेशातील शाहजहानपूर येथे बनणारी छाब्रा शंट परदेशी बनावटीच्या शंटपेक्षा कितीतरी पटींनी स्वस्त आहे. युगांडामध्ये १९५ मुलांवर केलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत एक वर्षानंतरच्या परिणामांत या दोहोंमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. कोणत्या बाळाला कोणती झडप, किंवा नळीऐवजी दुर्बिणीने पोकळीला छिद्र पाडून वाट करणे योग्य, हे ठरवणे शल्यविशारदांचे काम. पण पालक आधी तुमच्याकडे येतात, तुम्हांला विचारतात, आणि तुमच्या एका वाक्यावर दागिने गहाण ठेवायचे की नाहीत हे ठरते. (झडपेचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट भावली. फिलाडेल्फियातील जॉन होल्टर नावाच्या कारखान्यातल्या तंत्रज्ञाने स्वतःच्या मुलाच्या आजारामुळे १९५६ मध्ये जी झडप तयार केली, ती पुढे असंख्य मुलांना बसवली गेली. डॉक्टर नसलेल्या बापालाही या विषयात काही करता येते, एवढा दिलासा मी त्यातून घेतला.)

निदान सांगण्याच्या क्षणाबद्दलही एक मागणे आहे. "डोक्यात पाणी झालंय" एवढे सांगितले की घरातील वडीलधारे विचारतात, मग सुईने काढून टाकता येत नाही का? तो द्रव रोज नव्याने तयार होतो, म्हणून एकदा काढून भागत नाही, हे त्याच वेळी समजावून सांगितले तर पुढचे कितीतरी दिवस झाडपाल्यात आणि अंगाऱ्यात वाया जात नाहीत. आणि बाळाच्या आईच्या सासरचे लोक समोर बसलेले असताना, ग्रहणात भाजी चिरल्याने, पपई खाल्ल्याने किंवा नोकरीची दगदग केल्याने हे होत नाही, असे डॉक्टरांनी आपण होऊन, कोणी न विचारता सांगावे. आमच्याकडे एका डॉक्टरीणबाईंनी ते सांगितले. माझ्या पत्नीला त्याआधी घरात कोणी तोंडावर काही बोलले नव्हते, पण शेजारच्या काकू ग्रहणाची तारीख पंचांगात शोधत होत्या हे तिला ठाऊक होते. नवरा म्हणून मी तेच शंभरदा सांगूनही जे झाले नसते ते त्या बाईंच्या दोन वाक्यांनी झाले.

लवकर निदान झाले की सगळे सुरळीत होते असा माझा दावा नाही. कोणत्या बाळाचा मेंदू किती सावरेल हे मूळ कारणावरही अवलंबून असते, आणि वेळेत शस्त्रक्रिया होऊनही चालणे-बोलणे उशिरा येणारी मुले मी परळच्या रुग्णालयांच्या बाकांवर पाहतो. तिथेच शाळेचा गणवेश घालून तपासणीला आलेली, शंट असलेली मुलेही पाहतो. या दोन टोकांमध्ये आमची मुलगी कुठे असेल ते आज कोणी सांगू शकत नाही. ती आता मान धरते, कुशीवर वळते, फिजिओथेरपीच्या ताईंवर रागावते. ठाण्याहून सकाळच्या गर्दीत परळला जाताना तिचे डोके दोन्ही हातांत धरून उभ्या असलेल्या आईला बायका जागा देतात, आणि त्यातली एखादी हमखास विचारते, "कळलं कधी तुम्हांला?"

कागदावरच्या उपायापुरते बोलायचे तर मी एक रबरी शिक्का बनवून घेतला आहे. त्यात सहा जागा आहेत: तारीख, वय, वजन, लांबी, डोक्याचा घेर आणि सही. घेराच्या जागेखाली "मागील" असा एक छोटा चौकोन आहे, म्हणजे मागचा आकडा शोधल्याशिवाय शिक्का पूर्ण भरता येत नाही. ज्या कार्डावर किंवा फाइलवर डोक्यासाठी रकाना नाही, किंवा असून शेवटच्या पानावर दडलेला आहे, तिथे लसीच्या नोंदीशेजारीच तो मारता येतो. आमच्या सध्याच्या डॉक्टरांनी तो टेबलावर ठेवून घेतला आहे आणि त्यांच्या मदतनीस ताई आता बाळ आत यायच्या आधीच फीत काढून ठेवतात. ठाणे स्टेशनजवळ किंवा वाशीत असा शिक्का त्याच दिवशी करून मिळतो. आपापल्या दवाखान्यासाठी आणि केंद्रासाठी तो करून घ्यावा, आणि खर्चाची अडचण असेल तिथे लस घ्यायला आलेल्या एखाद्या पालकाला सांगावे; नाही म्हणणारा सापडणार नाही.

कळावे,
आपला नम्र,
एका मुलीचा बाप
वर्तकनगर, ठाणे